नामशेष आणि शेष

‘तैवानमधील कवलान भाषा नामशेष झाली आहे’ हे वाक्य बरोबर आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे. व्याकरण ठीक आहे, अर्थ चुकला आहे. हल्ली जे काही रोडावते ते ‘नामशेष’ होते, आणि पुढच्याच वाक्यात त्याची शिल्लक संख्याही दिलेली असते!

ज्याचे केवळ नाव उरले, ते नामशेष. तैपेईमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासमोरील रस्त्याला १९९६ साली ‘केतागालान’ हे एका मूळ जमातीचे नाव मिळाले. त्या नावाची भाषा बोलणारे आज कोणी नाही, रस्त्यावर पाटी आहे. कवलानचे तसे नाही. कवलान हे तैवानच्या ईशान्येकडील यीलानचे मूळ रहिवासी. तिथल्या सपाट प्रदेशात १७९६पासून चिनी वसाहती वाढत गेल्या, जमिनी हातच्या गेल्या, आणि १८७८ साली चीनच्या छिंग राजवटीच्या फौजेशी झालेल्या लढाईत हार पत्करल्यावर वाचलेली माणसे पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे पांगली. ह्वालिएनच्या किनाऱ्यावरील शिन्शे गावात केळीच्या सोपटांचे धागे काढून ते मागावर विणण्याची कवलानांची कला टिकली आहे. भाषा मात्र मोजक्या वृद्धांच्या तोंडी उरली, कारण शेजार आमिस या दुसऱ्या मूळ जमातीच्या भाषकांचा आणि शाळा मंदारिनची. २००२ साली सरकारने कवलानांना स्वतंत्र जमात म्हणून मान्यता दिली, २००६ साली त्यांच्या भाषेचा कोशही निघाला. (‘कवलान’ हे नाव जगाला ठाऊक आहे ते यीलानच्या व्हिस्कीमुळे, हा भाग वेगळा.)

खरी गंमत ‘शेष’मध्ये आहे. मूळ धातू ‘शिष्’, म्हणजे मागे उरणे. ‘अवशेष’ त्यातलाच, आणि ‘उच्छिष्ट’ झिजून झालेले आपले ‘उष्टे’ही त्यातलेच. ‘शिष्ट’ शब्द वैयाकरण ‘शास्’, म्हणजे शिकवणे, या धातूपासून साधतात आणि विषय मिटला असे समजतात. पुराणकार मात्र तो ‘शिष्’पासून काढतात: मन्वंतर संपल्यावर पुढच्यांना धर्म सांगण्यासाठी मागे उरलेले मनू आणि सप्तर्षी, ते शिष्ट. ही व्युत्पत्ती हसण्यावारी नेणाऱ्यांनी शिन्शेतील एखाद्या आजीला काय म्हणायचे ते सांगावे. ती उरलेलीही आहे आणि शिकवू शकणारीही तीच आहे. मला पुराणकारच पटतात.

मूळ वाक्यात ‘मरणपंथाला लागली आहे’ असे लिहावे.