नवशिक्याची मजुरी : आयटीआय उत्तीर्ण झालेल्या एकास पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण करून तू बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांतील कारखान्यांत फिरलास आणि बहुतेक ठिकाणी 'अनुभव नाही' एवढेच उत्तर मिळाले. त्यावरून तू लिहितोस की, नवशिक्यांना किमान वेतनापेक्षा कमी पगार देण्याची मुभा कायद्याने दिली असती, तर मालकांनी तुमच्यासारख्यांना दाराबाहेरून परत पाठवले नसते. हा विचार मी अनेक मुलांच्या आणि मालकांच्याही तोंडून ऐकला आहे, म्हणून त्याला थोडक्यात उत्तर देऊन भागणार नाही.

मालकांची अडचण खरी आहे. आठ-दहा माणसांच्या मशीन शॉपमध्ये नवा मुलगा उभा केला की काही दिवस जॉब (घडवलेले भाग) रिजेक्ट होतात, इन्सर्ट (धातू कापणारी टोके) तुटतात आणि जुन्या ऑपरेटरचा वेळ त्याच्यामागे जातो. आणि हात बसल्यावर तोच मुलगा पुण्याला निघून गेला, तर शिकवण्याचा सगळा खर्च वाया जातो. ही तक्रार लबाडीची नाही. प्रश्न एवढाच आहे की तो खर्च कोणी उचलावा.

आपल्याकडे किमान वेतनाचे दर अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल अशा पायऱ्यांनी ठरतात. ज्याच्या हाती अजून कसब नाही, त्याच्यासाठीच अकुशल ही पायरी आहे. म्हणजे तुझ्या अननुभवाची वजावट त्या दरात आधीच झालेली आहे. त्याच्याही खाली उतरायचे म्हटले, तर कमी होते ती कौशल्याची किंमत नव्हे, आठ तास उभे राहून घाम गाळणाऱ्या शरीराची किंमत. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेच्या २३व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठबिगारी ठरवली. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात प्रौढ, किशोर आणि शिकाऊ यांचे दर वेगळे ठेवण्याची सोय होती. २०१९ च्या वेतन संहितेने मात्र दर ठरवताना मुख्यतः कौशल्य आणि प्रदेश पाहावा, शिवाय कामाचा कष्टदायकपणा, उष्णता आणि धोकाही विचारात घेता येईल, असे म्हटले. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्याला ही उष्णता वय विचारून लागत नाही.

तरुणांना घर चालवायचे नसते, म्हणून त्यांना कमी दिले तरी चालते, असेही कोणी तुला सांगेल. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे जे निकष घातले, त्यांत एका कमावत्यावर तीन उपभोग-एककांचे, म्हणजे साधारण तीन प्रौढांइतक्या गरजेचे, कुटुंब धरले आहे. वडगाव-खासबागेतील विणकरांच्या ज्या घरांत मागाचे काम मंदावले आहे, तिथे एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पगारावरच किराणा येतो. तुझ्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

परदेशांत असे कमी दर आहेत, हे तू लिहिलेस ते बरोबर आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात वीस वर्षांखालील कामगाराला पहिले ९० दिवस ताशी ४.२५ डॉलर देता येतात, तर सर्वसाधारण दर ७.२५ डॉलर आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये किमान वेतन आणले तेव्हा प्रौढांना ३.६० पौंड आणि १८ ते २१ वयाच्यांना ३ पौंड ठरवले. पण तिथली पुढची वाटचालही पाहा : २०१६ मध्ये सर्वांत वरचा दर पंचविशीपासून मिळत असे, २०२१ मध्ये तो तेविसाव्या आणि २०२४ मध्ये एकविसाव्या वर्षापासून मिळू लागला. ज्या देशाने वयानुसार पायऱ्या केल्या, तोच त्या कमी करत आणत आहे. अमेरिकेच्या सवलतीला निदान मुदत आहे. परंतु त्या ९० दिवसांत काही शिकवलेच पाहिजे असे बंधन नाही, आणि मला तीच तिची मोठी उणीव वाटते. कमी पैसे देण्याचे एकच समर्थन मला पटते, ते म्हणजे त्या बदल्यात शिक्षण मिळणे, आणि तेही लेखी व मुदतीचे.

अशी वाट आपल्याकडे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आधीच घातलेली आहे. त्यात करार नोंदवावा लागतो, शिकवायचा ट्रेड (व्यवसाय) आणि मुदत ठरलेली असते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. विद्यावेतनाची किमान रक्कम नियमांत शिक्षणानुसार ठरवलेली असते. २०१९ च्या नियमांत ती महिन्याला ५,००० ते ९,००० रुपये होती. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार या रकमेचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, उचलते. म्हणजे ज्या खर्चाची मालक तक्रार करतात, त्यातला काही भाग समाजाने आपल्याकडे घेतला आहे, आणि मला हेच न्याय्य वाटते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे; चार माणसांचे शॉपही स्वेच्छेने घेऊ शकते. तू ज्या लहान मालकांकडे गेलास, त्यांतल्या अनेकांना हे माहीतही नसेल. पुढच्या वेळी तूच त्यांना सांग.

मात्र एक काळजी घे. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, त्यामुळे किमान वेतन त्याला लागू होत नाही. याचाच फायदा घेऊन, कसलाही करार न नोंदवता, केवळ हजेरीपटावर 'ट्रेनी' लिहून वर्षानुवर्षे फेटलिंगचे (ओतीव माल घासून साफ करण्याचे) किंवा माल उचलण्याचे काम करून घेणारे ठेकेदार असतात. नाव ट्रेनीचे आणि काम हेल्परचे असेल, तर तू कामगार आहेस आणि तुला किमान अकुशल दर, आणि आस्थापनेला लागू असतील तर पीएफ व ईएसआय (कामगार विमा), मागण्याचा हक्क आहे. धाकट्या भावालाही सोबत नेण्याचे तू लिहिले आहेस. त्याला अठरा पूर्ण होईपर्यंत फाउंड्रीच्या आसपास नेऊ नकोस. ते काम धोकादायक प्रक्रियांत मोडते आणि त्या वयाच्या मुलाला तिथे लावणे हा गुन्हा आहे.

शिनोळीतही चौकशी करतोस, हे चांगले आहे. ती औद्योगिक वसाहत चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते, आणि किमान वेतन तू राहतोस त्या राज्याचे नव्हे, काम करतोस त्या राज्याचे लागते. त्यामुळे उद्यमबागेत कर्नाटकाचा आणि शिनोळीत महाराष्ट्राचा दर पाहायचा. दोन्हीकडचा महागाई भत्ता वेळोवेळी बदलतो, म्हणून जुन्या कागदावरचा आकडा धरू नकोस. प्रवासाचा खर्च वजा करून मगच तुलना कर.

कुठेही होकार देण्यापूर्वी करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवणार का, कोणता ट्रेड किती महिने शिकवणार आणि मुदत संपल्यावर कोणत्या पायरीचा दर देणार, हे नम्रपणे पण स्पष्ट विचार. आपल्या भागात कागद बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. न समजलेल्या ओळीखाली सही करू नकोस; एक दिवसाची मुदत मागून कागदाचा फोटो मला पाठव. कन्नड मजकूर मी वाचून देईन, आणि कमी दराची अट कोणत्या मुदतीपर्यंत आहे ते आपण दोघे मिळून पाहू.

तुझा हितचिंतक