मेगा ड्राइव्हला अडॅप्टर लावण्याआधी

नमस्कार. बोरिवलीच्या घराच्या माळ्यावर मामांनी दुबईहून आणलेला सेगा मेगा ड्राइव्ह हा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम सापडला, त्याचा अडॅप्टर हरवला आहे, तेव्हा ‘लॅमिंग्टन रोडवरून 9 व्होल्टचा कोणताही अडॅप्टर आणला तर चालेल ना?’ हा तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्यावाचून राहवले नाही. नेमका हाच प्रश्न बारा वर्षांपूर्वी मी एका दुकानात विचारला होता आणि ‘चालेल की’ या उत्तरावर विसंबून माझे यंत्र कायमचे गमावले.

दुकानदाराने काउंटरखालून एक साधा अडॅप्टर काढला, त्याचा खटका 9 वर सरकवला आणि चार-पाच टोकांपैकी एक टोक यंत्रात बसवले. टोक घट्ट बसले म्हणजे अडॅप्टर जुळला, असे आम्ही दोघांनीही धरून चाललो. लाल दिवा लागेना, म्हणून त्याने यंत्राचे बटण दोन-तीनदा पुढेमागे केले. मग गेमची कॅसेट बसवायच्या खाचेतून बारीक धूर निघाला आणि कुजलेल्या मासळीसारखा वास दुकानभर पसरला. तो वास फुटलेल्या कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचा असतो, हे मला पुढे कळले. अडॅप्टरच्या पिनला आतून धन व बाहेरून ऋण होते आणि मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला बरोबर याच्या उलट, म्हणजे मध्यभागी ऋण लागते.

नंतर एका जाणत्या कारागिराने कपॅसिटर आणि आतली वीज 5 व्होल्टवर स्थिर ठेवणारा 7805 हा रेग्युलेटर बदलून दिला. हे सुटे भाग किरकोळ किमतीत मिळतात. आत 5 व्होल्ट पुन्हा येऊ लागले, पण चित्र आले नाही ते नाहीच, कारण चित्र तयार करणारी चिप गेली होती. ती सेगाची खास चिप आहे. बाजारात सुटी मिळत नाही, दुसऱ्या एखाद्या बंद पडलेल्या मेगा ड्राइव्हमधूनच काढावी लागते. दुकानदाराचे म्हणणे एवढेच होते की जुन्या मालाची हमी नसते. ते ऐकून आजही मन कडवट होते, कारण यंत्र जुने असल्यामुळे नव्हे, तर त्याच्यावरची धन-ऋणाची खूण कोणी न पाहिल्यामुळे जळाले होते.

म्हणून आधी मॉडेल ओळखा. पुढच्या बाजूला हेडफोनची खाच आणि आवाजाची सरकती पट्टी असेल, तर ते पहिले मॉडेल, जे जपानमध्ये 1988 मध्ये आले. यंत्र लहान असून ही पट्टी नसेल, तर ते 1993 चे दुसरे मॉडेल. त्याला मध्यभागी धन लागते आणि त्याची पिनही वेगळ्या मापाची असते. नाव एक, पण वीज उलटसुलट! टीव्हीला जोडायची केबलसुद्धा दोन्हींची वेगळी आहे. त्यामुळे ‘सेगाचा अडॅप्टर’ एवढेच सांगून कोणी विकत असेल, तर कृपया घेऊ नका.

दुकानात मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचे उपकरण मागा आणि पिन स्वतः मोजा. लाल टोक पिनच्या आतल्या भोकात आणि काळे बाहेरच्या धातूला लावल्यावर आकड्यापुढे उणे चिन्ह दिसले, तर मध्यभागी ऋण आहे. जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर मोकळा, म्हणजे यंत्राला न जोडता मोजला, तर 9 ऐवजी 12-13 व्होल्टही दाखवतो; त्याने घाबरू नका, भार पडला की आकडा खाली येतो. पहिल्या मॉडेलसाठी मी 1.2 अँपिअरपेक्षा कमी क्षमतेचा अडॅप्टर घेणार नाही. जास्त क्षमतेने काही बिघडत नाही. मूळ जपानी अडॅप्टर सापडलाच, तर तो आपल्या 230 व्होल्टच्या बोर्डात चुकूनही लावू नका, कारण तो 100 व्होल्टसाठी बनवलेला असतो.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही, हे सारे ठेचा खाऊन आलेले शहाणपण आहे. तेव्हा शंका वाटेल तिथे जाणकाराला विचारा. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र स्वतः कधीही उघडू नका. बंद केल्यानंतरही त्यात जीवघेणा विद्युतदाब साठून राहू शकतो.

अवांतर: कॅसेट चालत नसेल, तर लहानपणीसारखी तोंडाने फुंकू नका. मुंबईच्या पावसाळ्यात आधीच दमट हवेने पितळी-तांबूस पट्ट्यांवर काळपट थर चढतो, त्यात थुंकीचा ओलावा कशाला? आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला कापसाचा बोळा पट्ट्यांवरून फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. माझ्या कॅसेट जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात.

तुम्ही यंत्र उलटे करून खालच्या लेबलचा आणि वीज जोडायच्या खाचेजवळच्या धन-ऋणाच्या चित्राचा फोटो इथे टाका. कोणता अडॅप्टर घ्यायचा, ते पाहून सांगतो; तोवर त्याला काहीही जोडू नका.