सलाईनची बाटली आणि ओआरएसची पुडी

प्रश्न : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या माझ्या नणंदेच्या चार वर्षांच्या मुलाला जुलाब लागले. डॉक्टरांनी ओआरएसच्या (पाण्यात विरघळवून द्यायच्या मीठ-ग्लुकोजच्या) पुड्या आणि झिंकच्या गोळ्या एवढेच दिले. सलाईन लावल्याशिवाय पोराच्या अंगात ताकद येणार नाही, असे सासूबाईंचे म्हणणे होते. आम्ही पुडी चिमूट-चिमूट ग्लासात कालवून दिली. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले, तेव्हा गोळ्याही बंद केल्या. आमचे काही चुकले का?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : डॉक्टरांचे उपचार योग्यच होते. सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे, परंतु साध्या सलाईनच्या अर्धा लिटरच्या बाटलीत पाण्याखेरीज फक्त साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली घेतली, तरी तिच्यात 25 ग्रॅम साखर. तेवढी तुमच्या रावेरच्या दोन केळ्यांतून मिळते आणि जुलाबात शरीरातून जाणारे पोटॅशियमही त्याबरोबर भरून निघते.

पुडी स्वस्त असल्यामुळेच बहुधा तिला औषधाचा मान मिळत नाही. जुलाब सुरू असतानाही लहान आतड्याची ग्लुकोज शोषण्याची क्षमता बहुतांशी शाबूत राहते. ग्लुकोज आत जाताना मिठातील सोडियमला सोबत नेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी रक्तात शिरते, म्हणून नुसते मीठ-पाणी जे साधू शकत नाही ते हे मिश्रण साधते. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. त्यांना 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

तुमची चूक झाली ती कालवण्यात. पुडीतील मीठ आणि साखर सर्वत्र सारखी मिसळलेली असतेच असे नाही, शिवाय अंदाजाने घेतलेल्या पाण्यात द्रावण दाट झाले तर मुलाच्या रक्तातील सोडियम वाढून अपाय होऊ शकतो. मोठी पुडी 1 लिटर पाण्यासाठी आणि छोटी 200 मिलिलिटरसाठी असते. पुडीवर लिहिलेले वाचून ती पूर्ण एकाच वेळी, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावी, वरून साखर घालू नये आणि 24 तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे. चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 100 ते 200 मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. दुकानातील फळांच्या चवीची गोड पेये याला पर्याय नाहीत. त्यांतील जास्त साखर जुलाब वाढवू शकते. अन्नही बंद करू नये; मऊ भात, वरण, केळे चालते.

सलाईनची वेळ येतेच, नाही असे नाही. मूल सुस्तावले, काहीही पिऊ शकत नसेल, उलट्या थांबत नसतील, डोळे खोल गेले असतील किंवा लघवी बंद झाली असेल, तर घरी न थांबता त्याला रुग्णालयात न्यावे. शौचातून रक्त पडत असल्यासही डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

झिंक जुलाब थांबल्यावर बंद करायचे नसते. ते 14 दिवस दिल्यास आजार लवकर आटोपतो आणि पुढील दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते. राहिलेल्या गोळ्या घरी असतील, तर आता त्या कशा पूर्ण करायच्या हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.