पश्चिमेच्या खिडक्या बदलताना पैसे कशावर घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीच्या विश्रामबागेत नव्वदच्या दशकातलं दुमजली घर, सागवानी चौकटी, आणि वरची पश्चिमेकडची बेडरूम एप्रिल-मेमध्ये इतकी तापते की दीड टनाचा एसीही पुरत नाही. घरातल्या सगळ्या खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटी आणि डबल काच बसवावी का? आणि दोन कोटेशनांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे, तर काम कोणाला द्यावं?

मी सांगली-मिरजेत जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं बघतो. खिडक्या विकत नाही, त्यामुळे कोणाचा माल खपवायचाय अशातला भाग नाही.

सगळ्या बदलू नका. पश्चिमेच्या तेवढ्या बदला, आणि त्याही आधी खोली नक्की कधी तापते ते बघा. दुपारी चार-पाचला बसवत नसेल तर दोष खिडकीचा. रात्री जेवणं झाल्यावर, नऊ-दहाला जास्त उकडत असेल तर तो भिंतीचा आणि स्लॅबचा. नऊ इंची विटांची भिंत दुपारभर ऊन खाते आणि काही तासांनी आत सोडायला लागते. रात्री पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा, मग स्टुलावर चढून छताला लावा. छत जास्त गरम लागलं तर आधी गच्चीवर पांढरा कूल रूफ पेंट मारून घ्या. खिडक्यांच्या मानाने खर्च फारच कमी, आणि तुमची खोली वरच्या मजल्यावर असल्याने गुण लगेच दिसेल.

आता डबल काचेचं. शोरूममध्ये यू-व्हॅल्यूचं, म्हणजे आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून किती उष्णता झिरपते त्या आकड्याचं खूप कौतुक ऐकवतात, पण तो थंड देशांत जास्त महत्त्वाचा. आपल्याकडे बघायचा तो एसएचजीसी, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते ते प्रमाण. ५ फूट बाय ४ फुटांची खिडकी धरा, साधारण १.८६ चौरस मीटर. मेमध्ये चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. साध्या काचेचा एसएचजीसी ०.८ च्या आसपास, म्हणजे ९०० वॅटच्या जवळपास उष्णता आत. खोलीत इस्त्री चालू ठेवून एसी लावल्यासारखंच झालं. उलट बाहेर ४० अंश आणि आत २६ असताना काचेतून नुसती झिरपणारी उष्णता बघा. सिंगल काचेची यू-व्हॅल्यू ५.७ धरली तर ती १५० वॅटच्या आसपास येते. ६-१२-६ ची, म्हणजे ६ मिमीच्या दोन काचा आणि मध्ये १२ मिमीची फट अशी डबल काच यू-व्हॅल्यू २.८ पर्यंत आणते, म्हणजे तिथे वाचले ७५ वॅट. साध्या डबल काचेने ऊनही थोडं कमी होतं, पण थोडंच. तेच ०.३ एसएचजीसीची सोलर कंट्रोल काच घेतली, तर उन्हाचे ९०० वॅट साडेतीनशेच्या आत येतात. तुमचा पैसा इथे घाला.

दक्षिणेच्या खिडक्या का सोडायच्या, तेही सांगतो. सांगली १७ अंश अक्षांशाच्या जरा खाली आहे. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी उत्तरेकडेच असतो. ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा भरपूर झाला. पश्चिमेला तोच छज्जा कुचकामी ठरतो. पाच वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंशांवर असतो, आणि दोन फुटी छज्ज्याची सावली खिडकीवर फूटभरच उतरते. खालचे तीन फूट उघडे पडतात.

म्हणून पश्चिमेचं ऊन काचेच्या बाहेरच अडवा. बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, नाहीतर ग्रिलच्या पुढे आडव्या पट्ट्यांची लूव्हर. आतला जाड पडदा हा सगळ्यांचा आवडता उपाय, पण तोवर ऊन काच ओलांडून घरात आलेलं असतं. पडदा तापतो आणि खोलीतच उष्णता सोडत बसतो. बाहेर चिक लावून एक उन्हाळा काढायची तयारी असेल तर काढाच. मग कदाचित काच बदलायचीही गरज वाटणार नाही.

काचच घ्यायची ठरली तर उत्पादनाचं नाव आणि नंबर विचारा. मोठ्या काच कंपन्या प्रत्येक काचेचा एसएचजीसी, यू-व्हॅल्यू आणि किती उजेड येतो याचा तक्ता देतात. नुसतं ‘रिफ्लेक्टिव्ह’ किंवा ‘ब्ल्यू टिंट’ लिहिलेलं चालवून घेऊ नका, निळी काच तेवढ्यानं थंड होत नाही. रिफ्लेक्टिव्ह काचेचं आणखी एक: दिवसा बाहेरून आरसा दिसतो, पण रात्री आत दिवा लावला की बाहेरच्याला सगळं दिसतं. बेडरूमला पडदा लागणारच.

डबल काचेत लो-ई कोटिंग, म्हणजे उष्णता परतवणारा अगदी पातळ थर, घेत असाल तर आपल्या हवामानात ते बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवं. कारागीर कधीकधी पूर्ण पॅनेल उलटं बसवतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. संध्याकाळी बाहेर उभं राहून काचेसमोर काडी पेटवा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असतं. बाहेरून मोजल्यावर ते दुसरं आलं पाहिजे. तिसरं आलं तर पॅनेल उलटं आहे. दोन काचांच्या मध्ये धुकं साचलं तर सील गेलं म्हणून समजा. त्याची वॉरंटी काचेपुरती वेगळी लिहून घ्या.

सांगली-मिरज रोडच्या आवाजासाठी डबल काच हवी असेल तर गोष्ट निराळी, तिथे उपयोग होतो. मात्र एका बाजूला लॅमिनेटेड काच घ्या, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून चिकटवलेली.

चौकटीबद्दल फार काथ्याकूट करत नाही. ॲल्युमिनियम उष्णता वाहून नेतं, यूपीव्हीसी नाही. पण खिडकीत बहुतेक जागा काचेचीच असते, त्यामुळे चौकटीने पडणारा फरक लहान. यूपीव्हीसी घेतलं तर आत गॅल्व्हनाइज्ड स्टीलची पट्टी आहे ना ते कापलेल्या तुकड्यात बघूनच घ्या. स्वस्त कोटेशनमध्ये सगळ्यात आधी तीच गळते, आणि मोठं शटर दोन उन्हाळ्यांत वाकायला लागतं. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पुराचं पाणी आलं त्यांना एक वेगळी काळजी: प्लास्टिकला पाण्याचं काही होत नाही, पण गाळ ट्रॅकमध्ये आणि पाणी निघून जायच्या भोकांत बसतो आणि आतली पट्टी गंजते. तुमच्या वरच्या मजल्याला तो प्रश्न नाही.

बाकीच्या खिडक्यांचं सागवान चांगलं असेल तर हात लावू नका. शटरच्या कडेला रबरी पट्टी लावा, फटी बुजवा, बिजागऱ्या बदला.

स्लायडिंग की उघडणारी? दोन शटरची स्लायडिंग खिडकी कधीच अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही. शिवाय तिच्या ब्रशच्या पट्टीतून हवा आणि धूळ येत राहते. बिजागरीची खिडकी बंद केली की रबर दाबलं जातं आणि घट्ट बसते. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत उघडणाऱ्या खिडक्यांचं प्रमाणही सांगितलंय: उष्ण-दमट हवामानात चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के, उष्ण-कोरड्यात १०. सांगलीत संध्याकाळी वारा सुटला की एसी बंद करता येतो, तो वारा स्लायडिंगने निम्मा घालवू नका. बाहेर उघडणाऱ्या खिडकीला ग्रिल आतून लागेल, हे मात्र आधीच ठरवा.

आता माणसाचं. दोन कोटेशनांत दुपटीचा फरक असला की बहुतेक वेळा दोघं वेगवेगळी वस्तू विकत असतात. दोघांकडूनही एकाच कागदावर लिहून घ्या: प्रोफाइलची (चौकटीच्या पट्टीची) कंपनी आणि जाडी, आतली स्टीलची पट्टी, काचेचं नाव आणि जाडी, ती टफन्ड (तापवून मजबूत केलेली) आहे का, हार्डवेअर, मच्छरजाळी, जुनी चौकट काढणं, गवंडीकाम, वाहतूक, जीएसटी. दर चौरस फुटावर असतो, म्हणून माप कसं धरणार तेही विचारा. काचेचं माप तीन किंवा सहा इंचांच्या पटीत वर ओढायची पद्धत आहे. लहान खिडक्यांवर ते बरंच लागतं. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो आणि ती नंतर कापता येत नाही. त्यामुळे अंतिम माप बसवणाऱ्यानेच घ्यावं आणि चुकलं तर त्याच्या खर्चानं, असंही त्या कागदावर येऊ द्या.

खरी परीक्षा बसवण्यात असते. मिरजेत एका घरी नव्या कोऱ्या खिडकीखाली पहिल्या पावसातच प्लास्टरला ओल आली होती. सिलिकॉन व्यवस्थित, काच महागडी. शेवटी शटर उतरवून बघितलं तर कारागिराने खालच्या ट्रॅकमधूनच थेट स्क्रू मारले होते. ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी बाहेर न जाता त्या भोकांतून भिंतीत मुरत होतं. स्क्रू बाजूंनी आणि वरून मारायचे, खाली फटीत फोम, बाहेरून सिलिकॉन, आणि तेही धूळ पुसून कोरड्या जागेवर. सिलला, म्हणजे खिडकीच्या खालच्या कट्ट्याला, बाहेरच्या बाजूला उतार हवा. काम चालू असताना तुम्ही किंवा घरातलं कोणीतरी तिथे उभं राहा. चहा द्यायचं निमित्त पुरतं.

निवडायच्या आधी दोघांनाही विचारा, दोन पावसाळे काढलेली तुमची खिडकी कुठे बघायला मिळेल? पत्ता देताना जो आढेवेढे घेतो, त्याला सोडा. तिथे जाऊन घरच्या बाईंना विचारा, पुरुषांना बहुधा खिडकी कुठून गळते ते माहीत नसतं.

पैसे टप्प्याने द्या: थोडा ॲडव्हान्स, माल घरी आल्यावर मोठा हप्ता, बसवून झाल्यावर पुढचा. साधारण दहा टक्के हातात ठेवा आणि तसं आधीच बोलून घ्या. ऑर्डर फेब्रुवारीत गेली तर मेअखेर काम उरकतं. बसवून झाल्या दिवशीच बागेचा पाइप घेऊन बाहेरून खिडकीवर दहा मिनिटं पाणी मारा, कारागीर आत उभा असताना. राहिलेले दहा टक्के जूनमधला पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर.