इसाबेला व्हिटनी कोण होती आणि तिचं काय वाचावं?

सोळाव्या शतकातली कवयित्री. लंडनमध्ये घरकामाच्या नोकरीत होती. स्वतःच्या कविता छापून आणणाऱ्या अगदी पहिल्या इंग्रज स्त्रियांपैकी एक. १५६७ च्या पुस्तकात दुसरीशी लग्न करायला निघालेल्या प्रियकराला पत्र आहे. पण आधी वाचा ते १५७३ च्या संग्रहातलं लंडनच्या नावाचं मृत्युपत्र.

नोकरी गेलेली, हातात छदाम नाही, शहर सोडायची वेळ आलेली. आणि ही बाई लंडनलाच लंडन वाटून देते: चीपसाइडचे सोनार, कापडाच्या गल्ल्या, खाटीक, तुरुंगसुद्धा! कर्जदारांचा लडगेट तुरुंग म्हणे तिने स्वतःसाठी राखला होता, पण तिला उधार देणार कोण? तिथे माझ्या पोटात तुटतं. छापणाऱ्यालाही ती विसरत नाही. त्याच्याकडून पुस्तकं घ्या, असं मित्रांना सांगून जाते.