वाचकांचे प्रश्न : टेसा वुलार्ट आणि दर आठवड्याचा सामना

महिला युरो 2025 या युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेवरील आमच्या टिपणात बेल्जियमची कर्णधार टेसा वुलार्ट हिचा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा होता. त्या दोन ओळींवर कोल्हापुरातून इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. पण ज्या गावात पेठेपेठेतील तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवरील सामन्याच्या दिवशी दुकानांच्या फळ्या लवकर पडतात, त्या गावाकडून दुसरे काय अपेक्षावे? त्यांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : या खेळाडूची कारकीर्द थोडी सविस्तर सांगावी. बेल्जियम म्हटले की आम्हाला डी ब्राउने आणि लुकाकू एवढेच ठाऊक. (एक प्राध्यापक, मंगळवार पेठ)

उत्तर : टेसा वुलार्टचा जन्म 19 मार्च 1993 रोजी बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्स प्रांतातील टील्ट या छोट्या गावी झाला. टील्टची वस्ती सुमारे वीस हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या पेठेत सहज मावेल एवढी. वयाच्या पंधराव्या वर्षी, 2008 मध्ये, ती जवळच्याच झुल्टे वारेगेम या क्लबच्या महिला संघात आली आणि चार वर्षे तेथे खेळली. त्यानंतर एक हंगाम अँडरलेख्ट आणि दोन हंगाम स्टँडर्ड लीज असा तिचा मायदेशातील पहिला टप्पा आहे.

या टप्प्यातील एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, पण माझ्या मते ती महत्त्वाची आहे. 2012 ते 2015 या तीन वर्षांत बेल्जियम आणि नेदरलँड्स या दोन देशांनी महिलांसाठी मिळून एकच लीग चालवली, कारण दोघांकडेही एकट्याच्या बळावर चुरशीचे पुरेसे सामने भरवण्याइतके तुल्यबळ संघ नव्हते. कोल्हापूर आणि बेळगाव येथील संघांनी मिळून एक लीग खेळावी, तसाच काहीसा हा प्रकार होता. एकोणिसाव्या ते बाविसाव्या वर्षांच्या दरम्यान, म्हणजे खेळाडूचे पाय आणि डोके एकमेकांशी जुळू लागतात त्या वयात, वुलार्टला वारंवार शेजारच्या देशातील खमक्या बचावपटूंशी गाठ घालावी लागली. 2015 मध्ये स्टँडर्ड लीजने ही संयुक्त लीग जिंकली, त्याच वर्षी ती लीग बंद झाली आणि त्याच उन्हाळ्यात वुलार्ट जर्मनीतील वोल्फ्सबुर्गला गेली.

वोल्फ्सबुर्ग म्हणजे फोक्सवागनचे गाव आणि त्या काळी युरोपातील दोन-तीन सर्वांत बलाढ्य महिला संघांपैकी एकाचे घर. तेथील तीन हंगामांत संघाने जर्मन चषक तिन्ही वेळा आणि लीग 2017 व 2018 अशी दोनदा जिंकली. चॅम्पियन्स लीगने, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेने, मात्र हुलकावणी दिली. 2016 चा अंतिम सामना फ्रान्सच्या ल्यों क्लबने पेनल्टींवर जिंकला. 2018 मध्ये कीव्ह येथे पुन्हा ल्योंशीच गाठ पडली आणि नव्वद मिनिटे गोलशून्य गेली. जादा वेळ सुरू होताच, 93 व्या मिनिटाला, पेर्निल हार्डरने वोल्फ्सबुर्गला आघाडी मिळवून दिली. त्यानंतर तिसऱ्याच मिनिटाला वोल्फ्सबुर्गच्या अलेक्सांड्रा पोपला दुसरे पिवळे कार्ड मिळून ती बाहेर गेली, आणि दहा जणींच्या संघावर ल्योंने एकामागून एक चार गोल चढवले. आघाडी ते पराभव हे अंतर पाच-सहा मिनिटांचे होते.

त्याच उन्हाळ्यात वुलार्ट मँचेस्टर सिटीला गेली. तेथे 2019 मध्ये इंग्लंडमधील एफए चषक आणि लीग चषक असे दोन्ही चषक संघाला मिळाले. 2020 मध्ये ती अँडरलेख्टला परतली आणि पुढील दोन्ही हंगामांत संघ बेल्जियमचा विजेता ठरला. 2022 मध्ये नेदरलँड्समधील फोर्टुना सिटार्ड आणि 2024 मध्ये इटलीतील इंटर मिलान हे पुढचे मुक्काम. इंटरमधील तिच्या पहिल्याच हंगामात संघ लीगमध्ये युव्हेंटसच्या मागोमाग दुसरा आला.

बेल्जियमच्या राष्ट्रीय संघात ती 2011 मध्ये, अठराव्या वर्षी आली. तिच्या नावावर 80 हून अधिक आंतरराष्ट्रीय गोल असून त्या संघाच्या इतिहासातील ती सर्वाधिक गोल करणारी खेळाडू आहे. बेल्जियममध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा ‘गोल्डन शू’ पुरुषांना 1954 पासून मिळतो. महिलांना तो प्रथम 2016 सालासाठी दिला गेला आणि त्या पहिल्या वर्षीची मानकरी वुलार्टच होती.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची असून आघाडीला खेळते. दुसऱ्या शहरातील एका मोठ्या अकादमीत तिची निवड झाली आहे. परंतु पहिली एक-दोन वर्षे राखीव खेळाडू म्हणून काढावी लागतील, असे तेथील प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितले. इथे सरांचा संघ लहान आहे, पण मुलींना आठवड्याला एक सामना मिळतो. आपण ज्या वुलार्टविषयी लिहिलेत, ती तर मोठ्या क्लबांतच घडली ना? मग मुलीला पाठवावे का? (एक आई, कसबा बावडा)

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नातील ‘मोठ्या क्लबांतच घडली’ हे विधान आधी तपासून पाहू, कारण माझे उत्तर तेथूनच सुरू होते.

वर दिलेल्या सनावळीकडे पुन्हा पाहा. वोल्फ्सबुर्गचा दरवाजा वुलार्टने ठोठावला तेव्हा ती बावीस वर्षांची होती, मायदेशात सात हंगाम खेळून आलेली होती आणि चार वर्षे राष्ट्रीय संघातही होती. तेथे आघाडीच्या जागांसाठी तिची स्पर्धा पोप, नॉर्वेची कॅरोलिन ग्रॅहम हान्सन, पोलंडची एवा पायोर आणि 2017 पासून डेन्मार्कची हार्डर अशा खेळाडूंशी होती. अशा ताफ्यात बाकावर बसणे हे कोणाच्याही वाट्याला येऊ शकते आणि त्यात कमीपणा काही नाही. परंतु बाकावर बसूनही जिचा खेळ गंजत नाही, अशी पक्की खेळाडू होऊन ती तेथे गेली होती. बाकाने तिला घडवले नाही, घडलेली खेळाडू बाकापर्यंत पोचली.

मला सर्वांत बोलका वाटतो तो 2020 चा निर्णय. सत्ताविसाव्या वर्षी, म्हणजे ऐन उमेदीत, मँचेस्टर सिटीसारखे नाव सोडून मायदेशीच्या लीगमध्ये परतायचे आणि दोन वर्षांनी सिटार्डला जायचे. सिटार्ड हे नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाकडील, बेल्जियम आणि जर्मनी यांच्या चिंचोळ्या पट्टीतले गाव. फोर्टुनाचा महिला संघ मुळात 2022 मध्येच उभा राहिला. नव्या संघाला अशी खेळाडू मिळाली, की सारा डाव तिच्याभोवती रचला जातो. आपल्याकडे एखाद्या तालमीच्या संघात परगावचा किंवा आफ्रिकेतील कसलेला खेळाडू आला की पहिल्या सामन्यापासून प्रत्येक चेंडू त्याच्याच पायाशी येऊ लागतो, तसेच ते. अनेकांनी तेव्हा ही उतरती वाट मानली असेल. प्रत्यक्षात त्या वाटेवरून ती एकतिसाव्या वर्षी इंटरला पोचली आणि युरो 2025 मध्ये देशाची कर्णधार म्हणून उतरली. नव्वद मिनिटे खेळायला मिळणे हे तिने प्रत्येक वेळी क्लबच्या नावापेक्षा वर ठेवले, असे मी त्यातून वाचतो.

भारतीय खेळाडूंचीही उदाहरणे याच अंगाने जातात. मणिपूरची बाला देवी जानेवारी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली ती तिशीच्या उंबरठ्यावर, देशात वर्षानुवर्षे गोल करून. मनीषा कल्याण 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलॉनकडे गेली आणि महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली, तीही इंडियन विमेन्स लीगमध्ये स्वतःला सिद्ध केल्यावर.

याचा अर्थ मुलीला घरीच ठेवा, असा नाही. अकादमीत चांगली खेळपट्टी, आहार आणि बरोबरीच्या खेळाडू मिळत असतील, तर त्याचे मोल मोठे आहे. मात्र ‘राखीव’ म्हणजे नेमके काय, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका. राखीव मुलींचा स्वतंत्र संघ आहे का आणि तो वर्षाला किती सामने खेळतो, हा पहिला प्रश्न. उत्तर वीस-पंचवीस असे आले, तर गोष्ट वेगळी. ‘सराव रोज असतो’ एवढेच आले, तर सावध व्हा. सरावात गोल मारणे आणि समोरची बचावपटू खांदा लावत असताना, पंच शिट्टी वाजवत नसताना, आपलेच लोक बाहेरून ओरडत असताना गोल मारणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि दुसरी फक्त सामन्यात शिकता येते.

दुसरा प्रश्न गुडघ्याचा. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा बरेच जास्त असते आणि त्यातून सावरायला नऊ महिने ते वर्ष सहज जाते. उडी मारून नीट उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांडीमागचे स्नायू बळकट करणे अशा वीसेक मिनिटांच्या व्यायामांनी हा धोका बराच कमी होतो. ‘फिफा 11+’ नावाचा असा सरावक्रम जगभर वापरला जातो. अकादमीत तो करून घेतात का, फिजिओथेरपिस्ट रोज असतो की बोलावल्यावर येतो, हे विचारायला लाजू नका. आणि हो, सध्याच्या सरांनाही हाच प्रश्न विचारा. पहाटे सहाला गार मैदानावर उतरून दोन फेऱ्या मारल्या की लगेच थेट गोलवर फटके, हे दृश्य मी गांधी मैदानावर अनेकदा पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी माझेच गुडघे दुखू लागतात.

माझे मत विचाराल तर, त्या अकादमीत सामने मिळणार नसतील, तर दहावी होईपर्यंत मुलीला सरांच्याच संघात खेळू द्यावे आणि अकादमीची निवडचाचणी मात्र दरवर्षी द्यावी.

प्रश्न : एवढी गोल मारणारी पोरगी असून बेल्जियमच्या बायकांचा संघ वर्ल्ड कपला का दिसत नाही? त्यांचे पुरुष तर 2018 ला तिसरे आले. (तालमीचे एक जुने कार्यकर्ते, शिवाजी पेठ)

उत्तर : दादा, गोल कमी पडले म्हणून नव्हे. 2023 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत या संघाने आर्मेनियाला 19-0 असे हरवले होते. हा त्यांचा विक्रमी विजय. पण युरोपात गटातील पहिलाच संघ थेट जात असे, आणि बेल्जियमच्या गटात नॉर्वे होता. दुसऱ्या क्रमांकामुळे बाद फेरी वाट्याला आली आणि 6 ऑक्टोबर 2022 रोजी पोर्तुगालने 2-1 असे रोखले. दुबळ्या संघाला एकोणीस गोल घालून गुण तीनच मिळतात, हे आपल्याला साखळी सामन्यांवरून ठाऊकच आहे.

युरो स्पर्धेतही हा संघ प्रथम 2017 मध्येच पोचला. तेथे त्यांनी नॉर्वेला 2-0 असे हरवले आणि पुढे विजेते ठरलेल्या नेदरलँड्सशी 2-1 असे हरताना बेल्जियमचा एकमेव गोल वुलार्टने केला. 2022 मध्ये त्यांनी इटलीवर मात करून उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे स्वीडनचे हल्ल्यावर हल्ले होत असताना गोलरक्षक निकी एव्हरार आणि बचावफळीने नव्वद मिनिटे दार लावून धरले आणि भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला, कॉर्नरनंतरच्या गोंधळात लिंडा सेम्ब्रांटने चेंडू जाळ्यात ढकलला. असा गोल खाल्ल्यावर स्टेडियमवरून घरी जाताना कोणी कोणाशी बोलत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे?

2025 मध्ये स्वित्झर्लंडला इटलीशी 0-1 आणि स्पेनशी 2-6 अशा पराभवांनी त्यांचे आव्हान दोन सामन्यांतच संपले. शेवटचा सामना 11 जुलैला सिऑन येथे त्याच पोर्तुगालशी होता. तिसऱ्याच मिनिटाला वुलार्टने गोल केला, 87 व्या मिनिटाला पोर्तुगालने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला यानिस केमनने विजयी गोल केला. केमन तेव्हा छत्तीस वर्षांची होती, आणि सामन्यावर स्पर्धेच्या दृष्टीने बेल्जियमचे काहीच अवलंबून नव्हते. तरीही शेवटच्या मिनिटापर्यंत त्यांनी सामना सोडला नाही.

प्रश्न : तिचे आडनाव कसे उच्चारायचे? आमच्या वर्गात ‘वुलाएर्ट’ की ‘वुलर्ट’ यावर पैज लागली आहे. (इयत्ता नववीतील एक खेळाडू, राजारामपुरी)

उत्तर : दोन्ही बाजू हरल्या. फ्लँडर्समधील जुन्या आडनावांत ‘ए’ (a) आणि ‘ई’ (e) ही रोमन अक्षरे जोडून आली की तो दीर्घ ‘आ’ असतो. नव्या शुद्धलेखनात त्याजागी ‘ए’ दोनदा लिहितात, पण आडनावे जुन्या वळणाचीच राहिली. म्हणून ‘वुलार्ट’. पैजेची मिसळ दोन्ही गटांनी मिळून खावी आणि बिल निम्मे-निम्मे करावे.