हिंजवडीतल्या कंपन्यांच्या फुटबॉल स्पर्धेत घरगुती व्हीएआर (व्हिडिओ पाहून रेफरीला मदत) चालेल का?

तुम्ही विचारलंय की ११-११ जणांची स्पर्धा आहे, मैदान पूर्ण मापाचं, हाताशी दोन हँडीकॅम, दोन फोन आणि एक लॅपटॉप. एवढ्यात ऑफसाईडची, म्हणजे पास निघताना पुढचा खेळाडू बचावपटूंच्या पलीकडे होता का याची, भांडणं मिटतील का? ऑफसाईडची नाही मिटणार. गोल झाला की नाही, हे मात्र बहुतेक वेळा कळेल आणि पेनल्टीच्या वादात बरीच मदत होईल. एक गोष्ट आधी पाहून घ्या. स्पर्धा फुटबॉल संघटनेच्या मान्यतेची असेल तर परवानगीशिवाय रेफरीला व्हिडिओ पाहून निर्णय बदलता येत नाही. खाजगी स्पर्धा असेल तर नियम तुमचे, पण ते पहिल्या सामन्याआधी सगळ्या कर्णधारांना लेखी द्या.

ऑफसाईड का नाही, ते आकड्यांतच दिसतं. तुमचा कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे ५० चित्रं, घेतो असं धरू. जोरात पळणारा खेळाडू सेकंदाला ८ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत १६ सेंटिमीटर. बचावपटू त्याच वेळी उलट दिशेने पळत असेल तर दोघांमधलं अंतर ३२ सेंटिमीटरने बदलतं. आणि पास देताना पाय चेंडूला लागला तो क्षण नेमका दोन फ्रेमच्या मध्ये पडतो. त्यात कॅमेरा तिरका, मग स्क्रीनवर पट्टी ठेवून काढलेली रेघ म्हणजे निव्वळ अंदाज. २०२२ च्या कतार विश्वचषकात याच कामासाठी छताखाली १२ वेगळे कॅमेरे होते, ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपायचे आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवायचा. ते आपल्या आवाक्यातलं नाही. ऑफसाईड लाईन्समनच्या झेंड्यावर सोडा आणि नियमावलीत तसं स्पष्ट लिहा.

फोन वापरा गोललाईनसाठी, दोन्ही टोकांना एकेक. फोन मैदानाबाहेर, गोललाईन सरळ पुढे वाढवली तर जिथे येईल तिथे, अडीच-तीन मीटर उंच स्टँडवर पक्का बांधा. स्क्रीनवर पाहत तो इंच-इंच सरकवा. दोन्ही खांबांच्या मागच्या, म्हणजे जाळीकडच्या, कडा एका रेषेत आल्या की जागा बरोबर. हातभर जरी पुढे, मैदानाच्या बाजूला, राहिलात तरी रेषेवरचा चेंडू आत गेल्यासारखा दिसू शकतो. गोल होण्यासाठी अख्खा चेंडू, म्हणजे सगळे २२ सेंटिमीटर, रेषा ओलांडून जायला हवा. त्यामुळे या सरकवासरकवीत कंटाळा करू नका. रेकॉर्डिंग २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर ठेवा. सेकंदाला २० मीटरने आलेला चेंडू ६० फ्रेममध्ये एका फ्रेमला ३३ सेंटिमीटर उडी मारतो, तर २४० मध्ये जेमतेम ८. संध्याकाळी फ्लडलाईटखाली हे चित्र काळोखं येतं आणि लुकलुकतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. म्हणून बाद फेरीचे सामने सकाळी घ्या. एप्रिलच्या उन्हात फोन तापून बंद पडतो, त्याच्यावर पांढरा पुठ्ठा तरी आडवा धरा.

हँडीकॅम दोन्ही पेनल्टी बॉक्ससाठी, १६.५ मीटरच्या रेषेसमोर, शक्य तितके उंच. शटरचा वेग १/१०० सेकंद ठेवला की दिव्यांचं लुकलुकणं जवळजवळ जातं. दोन्ही कॅप्चर कार्डने (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं छोटं यंत्र), वायरनेच, लॅपटॉपला जोडा. वायफायवर चित्र नेमकं नको तेव्हा अडकतं. ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रिप्ले बफर ३० सेकंदांचा लावला की एका बटणात मागची ३० सेकंदं सेव्ह होतात. दोन्ही कॅमेऱ्यांची वेळ शिट्टीच्या आवाजावर जुळवू नका. आवाजाला ५० मीटर यायला सुमारे ०.१५ सेकंद लागतात, म्हणजे सात फ्रेमची चूक. किक-ऑफला पाय चेंडूला लागतो तो क्षण धरा.

पुण्याच्या बालेवाडी मैदानाने खरा व्हीएआर पाहिलाय, २०२२ च्या महिला आशिया चषकात उपांत्यपूर्व फेरीपासून तो होता. पण त्याला वेगळी खोली आणि स्वतंत्र पंच लागतात. तुम्हाला फुटबॉल व्हिडिओ सपोर्टची पद्धत सोयीची, जी फिफाने २०२४ मध्ये कोलंबियातल्या २० वर्षांखालील महिला विश्वचषकात वापरली. प्रत्येक संघाला व्हिडिओ तपासण्याच्या दोन विनंत्या. प्रशिक्षक हवेत बोट फिरवून खूण करतो, मैदानाबाहेरच्या चौथ्या पंचाला कार्ड देतो आणि रेफरी स्वतः स्क्रीन बघतो. निर्णय बदलला तर विनंती शिल्लक राहते.

रेफरीने आधी निर्णय द्यायचाच, "व्हिडिओ बघून सांगतो" चालणार नाही. धडक कुठे झाली, चेंडू हाताला लागला का, हे स्लो मोशनमध्ये पाहा. फाऊल किती जोराचा होता हे मात्र नेहमीच्या वेगातच, कारण हळू केल्यावर साधा टॅकलही क्रूर दिसतो. ९० सेकंदांत स्पष्ट दिसलं नाही तर पहिला निर्णय कायम.

स्क्रीनशी जाताना चौथ्या पंचाने मोठ्याने म्हणायचं: "मैदानावरचा निर्णय, गोल नाही." ३० सप्टेंबर २०२३ ला इंग्लंडमधल्या टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल ऑफसाईड दिला होता. व्हिडिओ पंचांना तो ऑनसाईड दिसला, पण मैदानावर गोलच दिलाय असं समजून त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचं कळवलं. खेळ सुरू झाला आणि मग मागे जाता येईना. चांगल्या गोलावर पाणी पडलं, तेही कॅमेऱ्याचा काही दोष नसताना.

फोनवरचा रिप्ले बघायला रेकॉर्डिंग थांबवावं लागतं. पुन्हा सुरू करायचं विसरणं ही सहज होणारी चूक. त्यामुळे प्रत्येक फोनपाशी एक माणूस उभा करा, आणि त्याने हात वर केल्याशिवाय रेफरीने खेळ सुरू करायचा नाही.